टँकर विमानांची निविदा तिसऱ्यांदा रद्द होऊ नये

भारतीय हवाई दलाला हव्या असलेल्या, आकाशातच इतर विमानांना इंधन देणाऱ्या सहा टँकर विमानांच्या स्पर्धेत इस्रायल एअरोस्पेस इंडस्ट्रीज ही एकच कंपनी उरली आहे, अशी बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये वृत्तसंस्थांनी दिली. व्यवहार सुमारे ८,००० कोटी रुपयांचा आहे. प्रवासी वाहतुकीत वापरून झालेली बोइंग ७६७ विमाने विकत घ्यायची, त्यांचे टँकरमध्ये रूपांतर करायचे आणि ती हवाई दलाच्या ताब्यात द्यायची, असे त्याचे स्वरूप त्या बातमीत सांगितले होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांच्या खरेदीत माझी पंचवीस वर्षे गेली. ‘एकच निविदा’ हे दोन शब्द वाचले की खरेदी विभागातल्या माणसाचा हात आपोआप फेरनिविदेच्या कागदाकडे जातो, कारण एकच निविदा म्हणजे स्पर्धा नाही, स्पर्धा नाही म्हणजे भावाची खात्री नाही आणि भावाची खात्री नाही म्हणजे पुढे लेखापरीक्षणात आक्षेप, हे आम्हाला पाठ असते. ही सवय एरवी चांगली आहे. टँकर विमानांच्या बाबतीत मात्र ती देशाला फार महागात पडली आहे आणि आणखी एकदा तिच्या आहारी जाणे परवडणारे नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे विमान कशासाठी लागते, ते आधी पाहू. लढाऊ विमान लहान असते आणि त्याच्या पोटात मावणारे इंधन मर्यादित असते. शस्त्रे वाढवली की इंधन कमी करावे लागते, इंधन वाढवले की शस्त्रे उतरवावी लागतात. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे; तिथली हवा इतकी विरळ की इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात आणि पूर्ण भार घेऊन उड्डाण करणे अशक्य होते. अशा वेळी शस्त्रे पूर्ण आणि इंधन थोडे घेऊन वर जायचे व आकाशात टँकरकडून टाकी भरून घ्यायची, हा मार्ग उरतो. अंदमानच्या समुद्रापर्यंत गस्त घालायची असो किंवा परदेशातून नवे विमान आणायचे असो, गरज हीच. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल विमाने फ्रान्सहून अंबाल्याला आली, तेव्हा वाटेत त्यांना आकाशात इंधन देणारे टँकर फ्रेंच हवाई दलाचे होते. त्या दिवसाचे कौतुक सर्वांनी केले, मीही केले. पण आपली विमाने आपल्या घरी आणताना दुसऱ्याच्या टँकरची मदत लागली, याची चर्चा फारशी झाली नाही.

आपल्याकडे टँकर आहेत आणि त्यांनी एके काळी चांगले नावही कमावले. २००३ पासून सहा आयएल-७८ विमाने आग्र्याच्या ७८ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. दुसऱ्याच वर्षी आपली सहा जग्वार विमाने या टँकरांच्या आधाराने अलास्कातील सरावाला गेली आणि २००८ मध्ये सुखोई-३० विमाने अमेरिकेतील नेलिस तळापर्यंत पोहोचली. पुढची कथा मात्र देखभालीची आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नोंदवले की २०१० ते २०१६ या काळात या विमानांची सेवासज्जता अपेक्षित ७० टक्क्यांऐवजी ४९ टक्केच होती. सहाच्या निम्म्या म्हणजे तीन. कोणत्याही सकाळी हवाई दलप्रमुखांनी विचारले असते की आज किती टँकर उडू शकतील, तर सरासरी उत्तर तीन आले असते, आणि तेही हिमालयापासून हिंदी महासागरापर्यंतच्या सगळ्या मोहिमा मिळून. टँकर किती झपाट्याने संपतात याची कल्पना यायला १९८२ च्या फॉकलंड युद्धातले एक उदाहरण पुरे आहे. असेन्शन बेटावरून पोर्ट स्टॅन्लेच्या धावपट्टीवर बाँब टाकायला ब्रिटनचे एकच व्हल्कन विमान गेले, पण त्याला तिथवर नेऊन परत आणण्यासाठी व्हिक्टर जातीचे ११ टँकर आकाशात पाठवावे लागले होते.

सेवासज्जता इतकी खाली का गेली, याचे मूळ विमानाच्या वंशावळीत आहे. आपली आयएल-७८ विमाने उझबेकिस्तानातील ताश्कंदच्या कारखान्यातली. सोव्हिएत संघाच्या काळात कारखाना एका प्रजासत्ताकात, आराखड्याचे कार्यालय आणि इंजिने दुसऱ्यात अशी विभागणी चालून जात होती. संघ फुटल्यावर ती दोन देशांची प्रकरणे झाली. ताश्कंदचे उत्पादन थंडावले, रशियाने नवे उत्पादन उल्यानोव्स्कला हलवले आणि मधल्या मधे सुट्या भागांची साखळी विस्कळीत झाली. विमान विकत घेतले तेव्हा भाव चांगलाच मिळाला असेल. पण जो कारखाना पुढची तीस वर्षे सुटे भाग देऊ शकणार नाही त्याचा स्वस्त माल खरेदीच्या दिवशीच महाग असतो, हे वाळूजमधला कोणताही जाणता स्टोअरकीपर सांगेल.

म्हणून नवी विमाने घ्यायचे ठरले. २००६ मध्ये पहिली निविदा निघाली, युरोपच्या एअरबस ए-३३० एमआरटीटी या विमानाला हवाई दलाची पसंती मिळाली आणि अर्थ मंत्रालयाने किमतीवर आक्षेप घेतल्याने २०१० मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर दुसरी निविदा निघाली. जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा तेच विमान निवडले गेले, साडेतीन वर्षे भावावर घासाघीस चालली आणि २०१६ मध्ये हीही प्रक्रिया मागे घेण्यात आली. दोन्ही वेळा कारण एकच, विमान महाग आहे. त्यानंतर नऊ वर्षे गेली. या काळात तेच विमान ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर आणि दक्षिण कोरिया वापरत राहिले, आणि आपण आग्र्याच्या त्याच सहा जुन्या विमानांवर, त्यांतल्या उडणाऱ्या निम्म्यांवर, काम भागवले.

रद्द केलेल्या निविदेमुळे किती पैसे वाचले, हे कागदावर दाखवता येते. ती रद्द केल्यामुळे किती गेले, हे कोणी लिहून ठेवत नाही. मराठवाड्यात हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. संभाजीनगर शहरासाठी जायकवाडीतून समांतर जलवाहिनी टाकण्याचा करार महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला. म्हणजे टँकरची दुसरी निविदा मागे घेतली त्याच वर्षी. तो करार रद्द करण्याची कारणे वेगळी होती आणि त्यांतली काही रास्तही होती, हे मी मान्य करतो. पण पुढे १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि खर्च २,७४० कोटींवर गेला. मधल्या वर्षांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि गल्लीत पाण्याचा टँकर, असे हे शहर जगले. त्या वर्षांचा हिशेब कोणत्याही फायलीत नाही. तो घराघरांत ठेवलेल्या ड्रमांमध्ये आणि टँकरवाल्याला मोजलेल्या पैशांत आहे.

माझ्या नोकरीतला एक अनुभव इथे सांगतो. ब्रेकच्या एका भागासाठी आम्ही जुना पुरवठादार सोडून एल-वन आला म्हणून, म्हणजे सर्वांत कमी भाव दिला म्हणून, नवा पुरवठादार घेतला. नगामागे काही रुपये वाचले आणि त्या तिमाहीत आमच्या विभागाचे कौतुकही झाले. पाचव्या महिन्यात कास्टिंगमध्ये पोकळ्या निघू लागल्या, तपासणीत माल नाकारला जाऊ लागला आणि एके दिवशी असेंब्ली लाइन दोन पाळ्या उभी राहिली. त्या दोन पाळ्यांचे नुकसान वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त होते. निर्णय माझ्या सहीचा होता आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तेव्हापासून भावाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखू लागलो: हा माल वेळेवर आणि चांगला आला नाही, तर दिवसाला किती जातील? संरक्षण खरेदीत हा दुसरा रकाना तर सर्वांत मोठा असायला हवा.

नवेकोरे आणि सर्वांत आधुनिक विमानच का घेऊ नये, असे विचारले जाते. त्याचे उत्तर अमेरिकेच्या केसी-४६ पेगासस या टँकर विमानाच्या कथेत आहे आणि ती कथा आपल्याकडच्या प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याने बारकाईने वाचावी अशी आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये बोइंगला हे कंत्राट मिळाले. त्याआधीची दहा वर्षे भाडेकराराचा वाद, एका वरिष्ठ खरेदी अधिकारी महिलेला झालेला तुरुंगवास, २००८ मध्ये एअरबसच्या बाजूने लागलेला आणि तक्रारीनंतर रद्द झालेला निकाल यांत गेली होती. अखेर जो करार झाला त्यात विकासाच्या खर्चाला ४.९ अब्ज डॉलरची कमाल मर्यादा होती. वरचा सगळा खर्च कंपनीने सोसायचा. सरकारच्या दृष्टीने हा आदर्श सौदा वाटला असणार. पहिली १८ विमाने ऑगस्ट २०१७ पर्यंत द्यायची होती. पहिले विमान प्रत्यक्षात मिळाले जानेवारी २०१९ मध्ये. कंपनीला या प्रकल्पात ७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला.

चूक कुठे झाली? बोइंग ७६७ हे विमान जुने आणि परिचित, जपान व इटलीसाठी त्याचे टँकर आधीच बनवलेले, म्हणून काम सोपे आहे असे गृहीत धरले गेले. वास्तवात एका प्रकारचा सांगाडा, दुसऱ्या प्रकारचे पंख आणि त्यावर नवी कॉकपिट यंत्रणा असे हे नवेच विमान होते. वायरिंगचे जुडगे एकमेकांपासून नियमाप्रमाणे दूर नाहीत हे २०१४ मध्ये लक्षात आले आणि ते पुन्हा आखावे लागले. मुख्य दोष निघाला तो इंधन भरणाऱ्याच्या डोळ्यांत. अमेरिकेच्या जुन्या केसी-१३५ टँकरमध्ये हा माणूस शेपटाकडे पालथा झोपून खिडकीतून खाली बघत दांडा, म्हणजे बूम, समोरच्या विमानाच्या तोंडात बसवतो. नव्या विमानात तो कॉकपिटच्या मागे बसतो आणि कॅमेऱ्यांचे चित्र विशेष चष्म्यातून पडद्यावर पाहतो. सूर्य विशिष्ट कोनात आला की पडद्यावर चकाकी आणि सावल्या येत, अंतराचा अंदाज चुके आणि दांडा समोरच्या विमानाच्या अंगावर घासला जाई. रडारला न दिसणाऱ्या विमानाच्या लेपावर असा ओरखडा म्हणजे मोठे नुकसान. ही यंत्रणा नव्याने करण्याचे काम पुढे ढकलत २०२७ वर गेले. हलक्या ए-१० विमानासाठी दांडा फार ताठ निघाला. इथे दोष खरेदीदाराकडेच होता, कारण ताठपणाचे जे मानक सरकारने मागितले ते कंपनीने पाळले होते. दुरुस्तीचा खर्च शेवटी सरकारला उचलावा लागला. माझ्या दृष्टीने हा त्या कथेतला सर्वांत बोधक भाग आहे. आम्हीही कित्येकदा ड्रॉइंगमध्ये चुकीचे माप देऊन पुरवठादाराला दोष दिला आहे.

यापुढचे प्रश्न तर शुद्ध कारखान्यातले आहेत. २०१९ मध्ये नव्या विमानांच्या बंद कप्प्यांत अवजारे आणि कचरा सापडला, म्हणून अमेरिकेच्या हवाई दलाने विमाने ताब्यात घेणे थांबवले. त्याच वर्षी मालवाहू डेकवरच्या कुलपांचा दोष उघड झाला. उड्डाणात ती आपोआप सुटू शकत होती. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस पंखांच्या नियंत्रक पृष्ठभागांच्या आधारांना तडे आढळले आणि ताबा पुन्हा थांबला. एवढे होऊनही जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने आणखी ७५ पर्यंत हीच विमाने स्पर्धेशिवाय घेण्याचे ठरवले, कारण तिसरे विमान नव्याने विकसित करायला वेळ नाही आणि १९५७ पासून सेवेत असलेली केसी-१३५ किती ताणायची हा प्रश्न आहे. विकास आणि उत्पादन एकाच वेळी, एकाच ठरलेल्या किमतीत करायला गेले की जगातल्या सर्वांत अनुभवी कारखान्याचेही असे होते. मग ज्या देशाला सहाच विमाने हवी आहेत त्याने नव्या विकासाच्या वाटेला का जावे?

ए-३३० हे उत्तम विमान आहे, यात शंका नाही. पंखांतच १११ टन इंधन, वर प्रवासी आणि मालासाठी पूर्ण जागा. पण त्याच्याही सुरुवातीच्या काळात, जानेवारी २०११ मध्ये, अटलांटिकवर पोर्तुगालच्या एफ-१६ शी जोडलेला दांडा मोडून समुद्रात पडला होता. ब्रिटनने अशी १४ विमाने विकत न घेता २७ वर्षांच्या सेवा कराराने घेतली आणि तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्येच विचारले की यातून पैशाचे मोल मिळाले हे कसे सिद्ध करणार. युरोपातील छोट्या देशांनी मात्र शहाणपण दाखवले: नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी २०१६ मध्ये सुरुवात केली, मग जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम आदी देश सामील झाले आणि आइंडहोव्हेनच्या तळावर सामायिक ताफा उभा राहिला, ज्याने जितके तास घेतले त्याने तितका भार उचलायचा. भारताला असा शेजार नाही. ए-३३० आपण दोनदा निवडले आणि दोनदा सोडले; आज तिसऱ्यांदा त्याच्याकडे वळलो तर किंमत २०१६ ची मिळणार नाही.

आता वापरलेल्या ७६७ कडे येऊ. ‘जुनी विमाने’ म्हटल्यावर मन मागे सरते, हे स्वाभाविक आहे. तरीही दोन गोष्टी या पर्यायाच्या बाजूने आहेत. या विमानाचा सांगाडा जगभर मालवाहतुकीत शेकड्यांनी उडतो आहे, म्हणून त्याचे भाग, त्याचे इंजिन आणि त्याची दुरुस्ती करणारे हात पुढची कित्येक वर्षे उपलब्ध राहतील. ताश्कंदच्या विमानांबाबत नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे नव्हती. दुसरे म्हणजे रूपांतराचे हे काम इस्रायल एअरोस्पेसने आधी केले आहे. कोलंबियाच्या हवाई दलाने २०१० मध्ये असे ७६७ घेतले. दांड्याचा आग्रह धरू नये, असेही मला वाटते. आपली सुखोई, मिराज, जग्वार, राफेल आणि तेजस ही लढाऊ विमाने टँकरमागे सोडलेल्या नळीच्या टोकाच्या बास्केटमध्ये आपली प्रोब, म्हणजे पुढे आलेली इंधननळी, घालून इंधन घेतात. दांड्याची सोय लागते ती अमेरिकेकडून घेतलेल्या ११ सी-१७ मालवाहू आणि १२ पी-८आय सागरी गस्ती विमानांना. त्यांचा पल्ला मुळातच लांब आहे. केसी-४६ आणि ए-३३० या दोघांनाही दांड्याने किंवा तो चालवण्याच्या यंत्रणेने त्रास दिला, हे लक्षात घेता पहिल्या सहा विमानांवर सगळ्या इच्छा लादू नयेत.

एकच निविदा आली या आक्षेपाला उत्तर आहे आणि ते फेरनिविदा हे नव्हे. शेवटी एकच विक्रेता उरला तरी कारणे नोंदवून पुढे जाण्याची वाट संरक्षण खरेदीच्या नियमांत आहे. अशा वेळी आम्ही वाळूजमध्ये जे करतो ते संरक्षण मंत्रालयानेही करावे: एकूण भाव बाजूला ठेवून त्याचे तुकडे मागावेत. वापरलेल्या ७६७ चा बाजारभाव मालवाहू विमान कंपन्यांमुळे सर्वांना माहीत असतो, इंजिनाच्या फेरदुरुस्तीचा दर माहीत असतो. उरतो तो रूपांतराचा आणि इंधन यंत्रणेचा खर्च, आणि घासाघीस त्याच्यावर करावी. प्रत्येक सांगाड्याचा इतिहास, उड्डाणांची संख्या आणि गंजाची तपासणी आपल्या अभियंत्यांनी विमान घेण्याआधी स्वतः करावी. सुटे भाग आणि देखभाल याच करारात, वर्षांच्या हिशेबाने, बांधून घ्यावी आणि पैसे विमानांच्या संख्येवर न देता दर महिन्याच्या सेवासज्जतेवर द्यावेत. ४९ टक्क्यांचा आकडा त्या करारपत्रात लिहिलेला असावा, म्हणजे कशासाठी अट घातली हे पुढच्या अधिकाऱ्यालाही कळेल.

मार्च २०२५ मध्ये सरकारने मेट्रिया या खासगी कंपनीकडून एक केसी-१३५ चालकदलासह भाड्याने घेण्याचा करार केला. हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी हे योग्यच आहे. पण भाड्याचा टँकर किती काळ पुरतो, हे मराठवाड्याइतके कोणाला कळणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजले गेले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ती गाडी आली नसती तर शहर रिकामे झाले असते, त्यामुळे तिची किंमत कोणी विचारली नाही आणि विचारायलाही नको होती. तरीही ती पाणीपुरवठा योजना नव्हती.

या व्यवहारातून आपल्या भागाला काय मिळेल, असा प्रश्न संभाजीनगरच्या उद्योजकांच्या बैठकांत विचारला जातो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. सहा विमानांसाठी कारखाना उभा राहत नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एप्रिल २०२२ मध्ये याच इस्रायली कंपनीशी रूपांतराच्या कामासाठी सामंजस्य करार केला होता. ताज्या बातमीत सुमारे ३० टक्के वाटा भारतीय असेल असे सांगितले गेले. या वाट्याला ‘औद्योगिक क्रांती’ म्हणणे ही फसवणूक ठरेल. लातूरजवळ हरंगूळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला आणि त्यानंतर कामाच्या प्रतीक्षेत इमारती कशा उभ्या राहिल्या, ते आपण पाहिले आहे. आमच्या शेंद्रा आणि बिडकीन औद्योगिक वसाहतींना जे मागता येईल ते छोटे पण टिकाऊ काम आहे: झीज होणारे भाग, हायड्रॉलिक नळ्या, सील, ब्रॅकेट, म्हणजे जे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. हवाई दलाच्या मंजुरीला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून त्या भागांची यादी करार होतानाच जाहीर व्हावी.

आग्र्याच्या स्क्वाड्रनमधली पहिली विमाने २०२८ मध्ये पंचवीस वर्षांची होतील. करार आज झाला तरी सांगाडे निवडणे, रूपांतर, आपल्या प्रत्येक जातीच्या लढाऊ विमानाबरोबर आकाशात चाचण्या आणि मग मंजुरी, एवढे सगळे उरकायला काही वर्षे जाणार. हवेत इंधन घेण्याचे कौशल्य वैमानिकाला एकदा शिकून पुरत नाही. रात्री, ढगांत, हेलकावे खाणाऱ्या बास्केटमध्ये प्रोब घालण्याचा सराव ठरावीक मुदतीत पुन्हा झाला नाही तर त्याची पात्रता संपते. ज्या तरुणांनी भाड्याच्या टँकरवर हे शिकायला घेतले आहे, त्यांची पात्रता टिकवायला आग्र्याला दररोज किती टँकर उडू शकतील, हे भावाची बोलणी करणाऱ्या किंमत समितीच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारायला हवे.